समक्ष पाहिले

१

गवंडीमामांच्या कुपीत बाईच्या पेशी निघाल्या, ही बातमी सोमवारी सकाळी अकराच्या आत साऱ्या प्रयोगशाळेत पसरली. प्रयोगशाळा म्हणजे तरी काय, एक मजला, नऊ खोल्या आणि सतरा माणसं. तिथे एका टोकाला कुणी शिंकलं तर दुसऱ्या टोकाला औषध सुचवलं जाई.

तपासनीस बाईंना मात्र ती सगळ्यांच्या आधी कळली होती, कारण शोध त्यांचाच होता. कामाची गुणवत्ता तपासणं ही त्यांची नोकरी. लोक त्यांना मागून 'भिंग' म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

गवंडीमामा सहासष्ट वर्षांचे. उभा जन्म परांचीवर गेलेला, त्यामुळे उजवा गुडघा पार झिजलेला. त्यांच्या कमरेच्या हाडातली मज्जा काढायची, तिच्यातल्या मूळपेशी चपट्या बाटल्यांत वाढवायच्या आणि त्यांच्याच गुडघ्यात परत सोडायच्या, असा हा उपचार. मेसेन्कायमल मूळपेशी हे त्यांचं भारदस्त नाव. इथे सगळे नुसतं 'पेशी' म्हणत. या पेशी नवा गुडघा बांधून देत नाहीत, सूज उतरवतात, शेजारच्या पेशींना कामाला लावतात, एवढीच आशा आहे आणि तीही अजून अभ्यासातली आहे, असं बाई प्रत्येक रुग्णाला बजावून सांगत.

मामांना एक इंजेक्शन चार महिन्यांपूर्वी देऊन झालं होतं. दुसरं येत्या शुक्रवारी होतं. देण्याआधी एक कुपी वितळवून पेशी त्याच माणसाच्या आहेत ना हे बघायचं, हा नियम बाईंनी गेल्याच महिन्यात भांडून आणला होता. दोनशे पेशी रंगवून मोजल्या. पुरुषाच्या पेशीत एक एक्स आणि एक वाय गुणसूत्र हवं. एकशे त्र्याण्णव पेशींमध्ये दोन-दोन एक्स होते. पुरुषाच्या म्हणाव्यात अशा उरल्या फक्त सात.

"शुक्रवारपर्यंत मला एक नाव द्या," संचालक म्हणाले. "एकच. आणि ते मला आत्ताच दिसतंय."

त्यांना दिसत होतं ते पेशीवालीचं. आठ वर्षं इथल्या प्रत्येक रुग्णाच्या पेशी तिनेच वाढवल्या होत्या. हा डाग घेऊन ती बाहेर पडली असती, तर दुसऱ्या कुठल्याही प्रयोगशाळेने तिला दारात उभं केलं नसतं.

बाई खोलीत येऊन बसल्या. चार महिने तो माणूस कुणाचं तरी काहीतरी गुडघ्यात घेऊन हिंडतो आहे, आणि दर महिन्याला फोन करून आपले आभार मानतो आहे, हे आठवून त्यांचे कान तापले. ही लाज आपली नाही, ज्याची आहे त्याच्या पदरात टाकायची, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. मग मामांच्या पेशींचे रोजचे कागद मागवले. काम करणाराची सही, खाली 'समक्ष पाहिले' म्हणून दुसरी सही. करणाराच्या सह्या कधी निळ्या, कधी काळ्या; पाहणाराच्या सगळ्या हिरव्या. एकही रकाना रिकामा नव्हता. बाईंनी समाधानाने कागद पालथे ठेवले.

चोरी किंवा अदलाबदल झाली असेल तर ती टाकीतच, असं त्यांच्या मनाने घेतलं.

२

टाकीकाका अकरा वर्षं त्या थंडगार टाकीची राखण करत होते. टाकीत द्रव नायट्रोजन, नायट्रोजनवर धुकं आणि धुक्यात रुग्णांच्या कुप्या. काका तिच्याबद्दल घरच्या म्हशीबद्दल बोलावं तसं कौतुकाने बोलत.

"बाई, झाकण उघडलं की घंटा वाजते. माझ्याशिवाय कुणी हात लावलेला नाही. देवाशपथ!"

"मग तुम्ही लावलात?"

"मी?" काकांनी कानांवर हात ठेवले. "छे हो! मला एक्सही कळत नाही आणि वायही कळत नाही."

बाईंनी हिरव्या पेनाने तेवढं टिपून घेतलं आणि गप्प बसून राहिल्या. ही त्यांची जुनी युक्ती. समोरच्याला शांतता सोसत नाही, तो काहीतरी बोलून ती भरून काढतो. काकांनी आधी हातमोजे काढले, मग पुन्हा घातले.

"एक झालं होतं," ते शेवटी म्हणाले. मान खालीच होती. "मार्चमध्ये. कप्पा बाहेर काढताना माझा हात घसरला. दोन कुप्यांची लेबलं सुटली. एक मामांची आणि एक त्या नृत्यशिक्षिका आहेत ना, त्यांची."

"आणि?"

"आणि मी ती परत चिकटवली."

"कुठली कुठे, ते कसं कळलं?"

काका टाकीकडे वळले. त्यांच्या डोळ्यांत पाणी तरळलं.

"अंदाजाने," ते म्हणाले.

३

एखादा साधा तपासनीस असता तर त्याने तिथेच फाइल बंद केली असती. बाईंनी नृत्यशिक्षिकेची कुपीही वितळवायला लावली. तीत सगळ्या पेशी बाईच्याच होत्या आणि ओळखचाचणीत त्या नृत्यशिक्षिकेच्याच ठरल्या. काकांचा अंदाज बरोबर निघाला होता. त्यांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी टाकीच्या झाकणावरून हात फिरवला आणि शरमेने दिलेला रजेचा अर्ज मागे घेतला.

शिवाय मामांच्या कुपीतल्या पेशींमधले ते सात पुरुष होतेच. लेबलं बदलली असती तर कुपी शंभर टक्के बाईची निघाली असती. सात पुरुष आत राहिले म्हणजे कुपी बदललेली नव्हती. आतल्या पेशी मिसळल्या होत्या. टाकीत गोठलेल्या पेशी वाढत नाहीत की मिसळत नाहीत. मग हे गोठवण्याआधी झालेलं असणार, म्हणजे वाढवण्याच्या खोलीत. खोली होती पेशीवालीची. बाईंना वाईट वाटलं.

हाडांचे डॉक्टर मात्र अजिबात वाईट वाटून घेणाऱ्यातले नव्हते.

"अहो बाई, उतारवयात पुरुषांच्या काही पेशींतून वाय गळून पडतो. पुस्तकात आहे!"

"वाय गळेल डॉक्टर, पण दुसरा एक्स कुठून उगवेल?"

डॉक्टर खुर्चीत जरा खाली सरकले. बाईंनी मामांच्या पेशींच्या वाढीचा आलेख त्यांच्यापुढे ठेवला. म्हाताऱ्या माणसाच्या पेशी मुळात हळू वाढतात. पहिले नऊ दिवस आलेखाची रेघ जमिनीला चिकटलेली होती. मग ती हळूच उठली, आणि आठवड्याभरात उंच गेली.

"हे बघून तुम्हाला शंका नाही आली?"

"मला आनंद झाला! म्हातारा जवान झाला म्हणालो मी. मिठाई वाटली." डॉक्टरांचा आवाज एकदम उतरला. "मी त्यांना शब्द देऊन बसलो होतो. लेकीच्या घराचा जिना तुम्ही तुमच्या हाताने पुरा कराल म्हणून. आणि पेशी तर वाढेनात. आठव्या दिवशी मी पेशीवालीला जाऊन म्हणालो..."

"काय म्हणालात?"

"म्हणालो, काहीही कर, पण वाढव."

४

पेशीवाली स्वच्छ हवेच्या कपाटापुढे बसली होती. हात कोपरापर्यंत आत, पाठ ताठ. काम संपवून तिने हातमोजे उतरवले आणि बाईंसमोर येऊन उभी राहिली.

"डॉक्टरांनी तुला काहीही कर म्हणून सांगितलं होतं?"

"हो, ताई."

"मग तू काय केलंस?"

"रोज करते तेच केलं. खाऊ बदलला." पेशींना वाढायला जो गुलाबी द्रव देतात त्याला इथे सगळे खाऊच म्हणत. "पण चूक माझ्या हातून झाली असणार. खोली माझी, हात माझे. माझं नाव लिहा ना, ताई. लवकर लिहून टाका."

गुन्हा नाकारणारे बाईंनी पुष्कळ पाहिले होते. नाव लिहून घ्यायला इतकी घाई करणारी ही पहिलीच. त्यांना ते खटकलं. कुणाला तरी पाठीशी घालतेय ही, त्यांच्या मनात आलं.

"नवव्या दिवशी खोलीत अजून कोण होतं?"

पेशीवाली हातातल्या हातमोज्यांची गुंडाळी करू लागली.

"अगं, तुझ्या मागे कुणीतरी उभं असणारच ना? नियमच आहे तो. कपाटात एका वेळी एकाच माणसाच्या पेशी, प्रत्येकाच्या खाऊची बाटली वेगळी, आणि हे पाळलं जातंय हे बघायला मागे दुसरं माणूस. कोण होतं ते?"

पेशीवालीने बाईंकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. असती तर थोडी कीव होती.

"कागदावर आहे ना, ताई," ती म्हणाली. "समक्ष पाहिले."

बाई आणखी काही विचारणार, तेवढ्यात ओळखचाचणीचं पाकीट आलं. कुपीतली बाई कोण हे शोधायला प्रयोगशाळेतल्या सगळ्या स्त्रियांच्या गालांतून नमुने घेतले होते, नियम म्हणून बाईंचाही. बाईंनी पाकीट उभ्या उभ्या फोडलं. आत एकच ओळ होती आणि तिच्यापुढे कर्मचारी क्रमांक. तो क्रमांक त्यांच्या स्वतःच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर छापलेला होता.

५

त्या दुपारी बाईंनी दाराला आतून कडी लावली. पेशी आपल्या कशा, हे कळायला त्यांना दोन मिनिटं लागली. बारा वर्षांपूर्वी प्रयोगशाळा नवी असताना हाताला सवय व्हावी म्हणून तिघा-चौघांनी आपली मज्जा दिली होती. त्यांत त्याही होत्या, वय अठ्ठावीस. त्या पेशी 'सराव' असं लिहून गोठवून ठेवल्या होत्या. कुणाच्या संपल्या, कुणाच्या उरल्या, कुणी विचारलं नव्हतं. उरल्या होत्या त्या बाईंच्या. तरुण, धडधाकट, भराभर वाढणाऱ्या.

त्या मामांच्या बाटलीत कशा गेल्या, याला त्यांना तास लागला.

कुणी मुद्दाम घातल्या असत्या तर चांगल्या मूठभर घातल्या असत्या आणि रेघ एका दिवसात उडी मारून वर गेली असती. रेघ हळूच उठली होती. म्हणजे सुरुवातीला गेल्या त्या फार थोड्या, एखाद्या थेंबातून. त्यांनी कोठारातली चिठ्ठी काढली. नवव्या दिवशी, बारा तारखेला, खाऊ दिला: एक बाटली. त्या आठवड्यात पुरवठाच कमी होता. आणि त्या दिवशी खाऊ बदलला तो दोन बाटल्यांतल्या पेशींचा, शिकाऊंसाठी वितळवलेल्या 'सराव' आणि गवंडीमामा. खाऊ एक, खाणारे दोन. सरावाच्या पेशींना टेकलेली नळी एकदा, फक्त एकदा, खाऊच्या बाटलीत परत बुडली असणार. थेंबभर तरुण पेशी मामांच्या थकलेल्या पेशींत जाऊन पडल्या आणि आठवड्याभरात त्यांना पुरून उरल्या.

काम करणाराला ते दिसत नाही. त्याची नजर पेशींवर असते. म्हणून तर मागे दुसरं माणूस उभं करायचं. बाईंनी बारा तारखेचा कागद सरळ केला.

समक्ष पाहिले. हिरवी सही. त्यांची.

आपलीच सही आपल्याला इतके दिवस दिसली नाही, असं नव्हतं. ती त्यांनी बघितली नव्हती. सह्या आहेत ना, एवढंच बघितलं होतं. बारा तारखेला त्या दातांच्या डॉक्टरकडे होत्या. अक्कलदाढ काढून, गाल सुजवून दिवसभर घरी पडल्या होत्या. दर महिन्याच्या एक तारखेला तीस कोऱ्या कागदांवर हिरव्या पेनाने सह्या करून तो गठ्ठा पेशीवालीच्या हातात द्यायचा, ही त्यांची पाच वर्षांची सवय. कामं फार, वेळ कमी. पहिल्यांदा दिला तेव्हा पेशीवाली बावरली होती. "अगं, तुझ्यावर विश्वास आहे माझा," असं म्हणून त्यांनी तिच्या खांद्यावर थोपटलं होतं.

केवढं मोठं मन दाखवलं होतं त्यांनी! आता ते आठवून धरणीने पोटात घ्यावं असं त्यांना झालं. गेले तीन दिवस त्या भिंग लावून टाकीकाकांना रडवत होत्या, डॉक्टरांना खाली मान घालायला लावत होत्या. त्या दोघांनी आपापली लाज निदान तोंडाने बोलून दाखवली होती. आणि पेशीवाली, जिला सगळं माहीत होतं, ती माझं नाव लिहा म्हणाली होती.

त्यांनी तिला बोलावून घेतलं. ती दारातच उभी राहिली.

"तू बोलली का नाहीस?"

"काय बोलणार होते, ताई? विश्वास आहे म्हणाला होतात. आता तुमच्यावर बोट दाखवलं तर विश्वास मोडला असता. आणि हात माझाच होता ना."



६

संचालकांनी अहवाल वाचला, चष्मा काढला आणि पुसला.

"हे कशाला लिहिलंय?" शेवटच्या परिच्छेदावर त्यांनी बोट ठेवलं. "एका सहीचं काय एवढं? सगळेच करतात. पेशीवाली कबूल करतेय ना? मग झालं तर. तुम्ही निघून गेलात तर इथे तपासायला राहणार कोण?"

एक क्षणभर, आणि हे बाईंनी पुढे कधी कुणापासून लपवलं नाही, एक क्षणभर त्यांना ते पटलं. एकच परिच्छेद खोडायचा होता. पेन हातातच होतं, हिरवं.

"तुम्ही एकच नाव मागितलं होतं," त्या म्हणाल्या. "माझं लिहा. तिच्या हातून थेंब सांडला, तो कुणाच्याही हातून सांडतो. तो पकडण्यासाठी मला ठेवलं होतं. मी नव्हते, आणि होते असं लिहून दिलं. तिला काढलंत तर हाच कागद मी बाहेर नेऊन देईन."

संचालकांनी अहवाल ठेवून घेतला. पेशीवाली राहिली. बाईंची सही करायची मुभा त्या दिवसापासून काढून घेतली गेली.

शुक्रवारी, इंजेक्शनच्या वेळेला, बाई मामांच्या लेकीच्या घरी गेल्या. दारातून आत जाताच जिना दिसला. अकरा पायऱ्या बांधून झाल्या होत्या. त्याच्या वर नुसत्या सळया होत्या आणि छताला भोक. लेक नव्या पायऱ्यांवर पाणी मारत होती.

"या, या!" मामा खुर्चीतून जवळजवळ उडी मारून उठले. "बघा, कसा उठतो ते! इंजेक्शन घरी येऊन देणार की काय?"

"आज इंजेक्शन नाही, मामा. बसा. मला तुम्हाला एक सांगायचंय."

त्यांनी कागद काढला आणि वाचून दाखवला. गुडघ्यात सोडलेल्या पेशी बहुतेक माझ्या आहेत. त्या तुमच्या परवानगीशिवाय गेल्या. माझं रक्त तेव्हाही तपासलं होतं आणि परवा पुन्हा तपासलं; आजार काही नाही. तरी वर्षभर तुम्हाला तपासण्या कराव्या लागतील. दिलेल्या पेशी आता परत काढता येत नाहीत. तक्रार कुठे करायची त्याचा पत्ता खाली आहे.

मामांनी गुडघ्यावर हात ठेवला.

"मग हे बरं वाटतंय ते कुणामुळे? तुमच्यामुळे?"

"माहीत नाही, मामा. माझ्या पेशींमुळे, तुमच्या व्यायामामुळे, की आपोआप. खरंच सांगता येत नाही."

"आणि ते मागे उभं राहणारं माणूस, ते कुठे होतं?"

कागदात हे लिहिलेलं होतं, त्यांनीच लिहिलं होतं, पण तेवढी ओळ वाचताना आवाज इतका खाली गेला होता की मामांना ती ऐकूच आली नव्हती.

"ते माणूस मी होते. मी तिथे नव्हते. होते असं लिहून मी सही केली."

मामा जिन्याकडे बघत म्हणाले, "आमच्यात भिंत एक जण बांधतो आणि ओळंबा दुसरा लावून बघतो. चाळीस वर्षांत मी न बघता सरळ आहे असं कधी म्हणालो नाही. कधीच नाही, बाई. वर माणसं राहायची असतात."

ते ओरडले असते तर बाईंना सोपं गेलं असतं. बाईंनी पेन पुढे केलं. सगळं सांगितलं गेलं, अशी मामांची सही हवी होती, आणि खाली साक्षीदाराची. मामांनी सावकाश, एकेक अक्षर कोरत सही केली.

लेक ओले हात पदराला पुसत आली. "कुठे करायची सही? इथे?" तिने वाकून पेन उचललं.

"थांब," मामा म्हणाले. "तू पाणी मारत होतीस. काय ऐकलंस?"

"नाही ऐकलं काही. पण तुम्ही ऐकलंत ना, बाबा?"

"मग पेन खाली ठेव." त्यांनी शेजारची खुर्ची तिच्याकडे सरकवली. "बस इथे. सगळं ऐक, मग कर सही." आणि ते बाईंकडे वळले. "हिला वाचून दाखवा. मोठ्याने वाचा."

लेक बसली. बाईंनी कागद पुन्हा हातात घेतला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली.